मदत हवी आहे: बेसॉल्टमधली मीठ-चाचणी मॉडेलशी अजिबात जुळत नाही

कातळवाट:
नमस्कार मंडळी. गावाच्या पिण्याच्या बोअरमध्ये नायट्रेट ६८ मिग्रॅ/लिटर येतंय (मर्यादा ४५). १२० मीटर वरच्या अंगाला शोषखड्डे आणि उकिरडा आहे. तिथलं पाणी बोअरपर्यंत किती दिवसांत पोचतं ते ठरवायचं आहे. त्यासाठी २५ मीटरवरच्या बंद बोअरमधून चाचणी घेतली.

दोन्ही बोअर १५० मिमी व्यासाच्या, ६० मीटर खोल. पाणीपातळी ९ मीटरवर. वर मुरूम, मग मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा बेसॉल्ट), खाली घट्ट काळा पाषाण. पाणी मुख्यतः २१ ते २३ मीटरमधल्या आडव्या भेगेतून येतं. पंप सलग ७२ लिटर/मिनिट. पंप टेस्टवरून पारवहनक्षमता (टी, म्हणजे पूर्ण जाडीतून पाणी वाहून नेण्याची क्षमता) ४५ चौ.मी./दिवस.

२० किलो मीठ १०० लिटर पाण्यात विरघळवून बंद बोअरमध्ये तोंडातून ओतलं. पंपाच्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, क्षार वाढले की वाढते; मायक्रोसीमेन्स/सेंमी) आधी ७८० होती. ३५ मिनिटांनी वाढू लागली, ५५ व्या मिनिटाला १९३० च्या शिखरावर गेली, आठ तासांनंतरही ९६० आहे. मॉडफ्लो आणि एमटी३डी या भूजलाच्या मॉडेल-प्रणालींमध्ये जाडी २० मीटर, सच्छिद्रता २% धरली, तर शिखर साडेसात दिवसांनी येतं. डिस्पर्सिव्हिटी (वाहताना क्षार किती पसरतात तो आकडा) कितीही बदलली तरी जुळत नाही. चूक चाचणीत आहे की मॉडेलमध्ये?

गेरूपट्टा:
दोन्हीकडे आहे. आधी मॉडेलचं बघू. २% हा आकडा भूजल मूल्यांकनात साठा मोजायला वापरतात, म्हणजे पातळी खाली गेल्यावर खडकातून किती पाणी सुटतं तो. क्षार वाहून नेणारं पाणी त्या सगळ्या पोकळीतून जात नाही, ते भेगेतून जातं. ७२ लिटर गुणिले ५५ मिनिटं म्हणजे सुमारे ४ घनमीटर. त्याला २५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या १९६३ चौ.मी. क्षेत्राने भागलं की भेगेची रुंदी २ मिमी निघते. २० मीटर जाडीत २ मिमी म्हणजे ०.०१%. तुमचा आकडा दोनशे पट मोठा आहे, आणि डिस्पर्सिव्हिटी हलवून ते भरून निघणार नाही.

ताळा म्हणून घनाच्या नियमाने (भेगेतला प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो) टीवरून रुंदी काढा: ०.८६ मिमी येते. वहनातून निघालेली रुंदी त्याहून मोठी असणं नेहमीचंच आहे. प्रवाहाचा अडथळा अरुंद जागा ठरवतात, वेळ मात्र रुंद जागांत खर्च होतो.

कातळवाट:
मग आलेखाची लांब शेपटी (शिखरानंतर ईसी हळूहळू उतरणं) म्हणजे मांजऱ्यात क्षार मुरतात आणि हळूहळू बाहेर येतात असं धरू का? दुहेरी सच्छिद्रता (भेग आणि खडक अशा दोन वेगळ्या पोकळ्या) लावून?

गेरूपट्टा:
इतक्यात नको. मूळ ईसी वजा करून दोन्ही अक्ष लॉगवर घ्या. खडकात मुरण्यामुळे शेपटी बनली असेल तर शेवटचा उतार उणे दीडच्या आसपास यायला हवा. तुमच्या दोन आकड्यांवरून तो उणे ०.८६ येतो. इतकी सपाट शेपटी म्हणजे बहुधा मीठ अजून ओतलेल्या बोअरमधूनच गळतंय. पंपिंगमुळे मूळ ईसी सरकली तरीही उतार असाच सपाट होतो, म्हणून तिसऱ्या जागेची ईसीही मोजत राहा.

मीठमोजणी:
वजनाचा हिशेब याला दुजोरा देतो. ईसीमधली वाढ अंदाजे निम्मी केली की मिठाचे मिग्रॅ/लिटर मिळतात. आलेखाखालचं क्षेत्रफळ गुणिले पंपाचा दर केलं तर आठ तासांत जेमतेम सहा किलो परत आलं, ३१%. बाकीचं तळाशी बसलं असणार. २०० ग्रॅम/लिटरचं मीठपाणी साध्या पाण्यापेक्षा बरंच जड असतं. १५० मिमीच्या बोअरमध्ये मीटरला १७.७ लिटर मावतात, म्हणजे तुमचे १०० लिटर तळाची साडेपाच मीटर भरतात, भेगेच्या पस्तीसेक मीटर खाली! ईसीचा प्रोब केबलने तळापर्यंत सोडून बघा.

पातळ मीठपाणी घेतलं तर ते फार लागेल. ५०० लिटर ओतायलाच पाऊण तास जाईल, मग एकदम सोडलेला डोस उरत नाही. युरेनिन हा चमकणारा रंग वापरा, १ ग्रॅम पुरे. २०.५ आणि २३.५ मीटरवर पॅकर (बोअर आडवी बंद करणारे फुगे) बसवा, मधल्या भागात ५३ लिटरच पाणी राहील. २० लिटरमध्ये विरघळवून १० लिटर/मिनिटने सोडा, लगेच त्याच दराने १०० लिटर साधं पाणी मागून द्या. याहून जास्त दराने सोडलं तर भेगेतला दाब वाढतो आणि वेळ चुकते.

नमुने पहिला तास दर दोन मिनिटांनी, तपकिरी बाटलीत. उन्हात युरेनिनचा रंग उडतो. टीसीएल (जंतुनाशक क्लोरीन) पावडर टाकण्याआधीचंच पाणी घ्या, क्लोरीन रंग खाऊन टाकतो. त्या दिवशी गावाला या बोअरचं पाणी सोडू नका.

कातळवाट:
आणि उकिरड्याचं?

गेरूपट्टा:
नवी चाचणी होईपर्यंत कच्चा अंदाज देतो. नैसर्गिक उतार ०.००५ आणि रुंदी २ मिमी धरली तर वेग दिवसाला ११० मीटरच्या आसपास. तीच भेग सलग असेल तर १२० मीटर साधारण एका दिवसात. जंतू खडकात फारसे मुरत नाहीत, ते क्षारांच्याही आधी पोचू शकतात, म्हणून शोषखड्डे आधी हलवा. उकिरडा उचलल्यावर नायट्रेट मात्र लगेच उतरणार नाही. मांजऱ्यात मुरलेलं परत भेगेत येत राहतं, ते दर पावसाळ्याआधी आणि नंतर मोजत राहावं लागेल. दुहेरी सच्छिद्रतेचं मॉडेल त्या कामाला लावा.