इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी किती वर्षं टिकते, आणि ते कळतं कुणाला?

(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कात्रजचा घाट

घरात इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "पाच वर्षांनी बॅटरी गेली तर काय करणार?" ही भीती मोबाइलवरून आली आहे असं माझं मत. मोबाइलची बॅटरी रोज तळाला जाते, रोज भरते आणि तिला थंड ठेवायची कसलीच सोय नसते.

गाडीचा हिशेब करून बघा. 2020 साली आलेल्या टाटाच्या नेक्सॉन ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीत 30.2 युनिटची (किलोवॅट-तास) बॅटरी होती. प्रत्यक्षात 200 किमी जाते असं धरू. वर्षाला 12,000 किमी चालवणाऱ्याची बॅटरी वर्षभरात 60 वेळा पूर्ण रिकामी होऊन भरेल. चांगले एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारचे सेल अशी दोन हजार चक्रं काढतात. म्हणजे निव्वळ चालवून ती संपवायला तीस वर्षं लागतील! वाहनांचा डेटा गोळा करणाऱ्या जिओटॅब कंपनीने 2024 मध्ये हजारो गाड्यांची आकडेवारी तपासली, त्यात क्षमतेतली सरासरी घट वर्षाला 1.8 टक्के निघाली. दहा वर्षांनीही 80 टक्क्यांच्या वर. घरी चार्जिंगची सोय असेल तर बॅटरीच्या धास्तीने गाडी घ्यायची थांबू नका.

वऱ्हाडचं ऊन

तीस वर्षांचं गणित फक्त चक्रांचं झालं. बॅटरी नुसती उभी राहूनही झिजते. सेलच्या आत ऋण इलेक्ट्रोडवर एक थर हळूहळू जाड होत जातो आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. उष्णतेत हे वेगाने होतं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फीनिक्सचं उदाहरण आहेच: 2012 च्या सुमाराला तिथल्या निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांच्या बॅटऱ्यांची क्षमता दोन-दोन वर्षांत घसरली, प्रकरण कोर्टात गेलं. आमच्या अकोला-चंद्रपूरला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि गाड्या पत्र्याच्या शेडखाली उभ्या असतात. जगभराच्या सरासरीवर आम्ही एवढ्या महागड्या बॅटरीची जोखीम का घ्यावी?

सेलवाला

लीफचं उदाहरण खरं आहे, पण ते इथे अर्धंच लागू पडतं. तिच्या बॅटरीला द्रवाने थंड करायची व्यवस्थाच नव्हती. आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक चारचाकींत ती असते. उरलेलं अर्धं मात्र लक्षात ठेवा. गाडी बंद करून उभी केली की ही व्यवस्था बहुधा बंदच असते. म्हणून मे महिन्यात 100 टक्के भरलेली गाडी आठवडाभर उन्हात सोडून गावाला जाणं हे अधूनमधून केलेल्या फास्ट चार्जिंगपेक्षा वाईट. जाताना 50 टक्क्यांच्या आसपास ठेवा, सावलीत लावा.

आणखी एक. "80 च्या वर भरू नका" हा सल्ला एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) या दुसऱ्या प्रकारच्या सेलसाठी ठीक आहे. एलएफपीत व्होल्टेज बराच वेळ जवळपास सपाट राहतं, त्यामुळे बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला) किती चार्ज उरलाय याचा अंदाज चुकतो. म्हणून अशी गाडी अधूनमधून पूर्ण भरायला सांगतात. आधी आपल्या गाडीत कोणते सेल आहेत ते विचारा.

टूरिस्ट परमिट

माझी गाडी धंद्यावर आहे, रोज फास्ट चार्जिंग. तुमचं 60 चक्रांचं वर्ष माझं दोन-अडीच महिन्यांत संपतं. "आजीवन वॉरंटी"च्या जाहिराती वाचताना खालच्या अटी वाचा: खासगी वापर, पहिला मालक. आम्ही त्यात नाही.

दुसरा मालक

आत्ता खरा मुद्दा आला. बॅटरी टिकते, मान्य. पण टिकली आहे हे मी ओळखायचं कसं? मी जुनी इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलो होतो. डॅशबोर्डवर 100 टक्के. पण हे 100 टक्के आज उरलेल्या क्षमतेचे. बॅटरी मूळच्या तीन चतुर्थांशावर आली असली तरी आकडा तोच. शेजारी दिसणारी रेंज आधीचा मालक गाडी कशी हाकत होता त्यावरून काढलेली. सर्व्हिस सेंटरला बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल मागितला, तर "तो फक्त कंपनीसाठी असतो" असं उत्तर मिळालं. माझे पैसे, आणि माहिती त्यांच्याकडे! डिझेल गाडी घेताना निदान मेकॅनिक सोबत नेता येतो.

कात्रजचा घाट

मीटरवर अंदाज येतो. गाडी 10 टक्क्यांपर्यंत उतरवा, घरच्या चार्जरवर पूर्ण भरा आणि मीटरचे युनिट बघा. 30 युनिटच्या बॅटरी पॅकमध्ये 27 युनिट जायला हवेत, वर चार्जिंगमधली दहा-बारा टक्के गळती. म्हणजे 30 च्या आसपास. 24 च लागले तर समजा, क्षमता घटली आहे.

दुसरा मालक

अनोळखी विक्रेता मला रात्रभर गाडी देईल का?

सेलवाला

आणि दिली तरी त्यातून एकेका सेलचं कळत नाही. पॅकमधले सेल एकामागून एक जोडलेले असतात. त्यातला एखादा लवकर रिकामा झाला की बाकीच्यांत चार्ज असूनही बीएमएस पुरवठा थांबवतो. अशा वेळी तो सेल ज्यात आहे तेवढा मॉड्यूल (पॅकमधला सेलचा एक गट) बदलून काम भागू शकतं, पण दोष कुठे आहे हे सांगणारा डेटा मिळाला तरच. नाहीतर पूर्ण पॅक बदलायचं एस्टिमेट हातात येतं. युरोपीय संघात फेब्रुवारी 2027 पासून ईव्ही बॅटरीला डिजिटल पासपोर्ट (बॅटरीच्या माहितीची डिजिटल नोंद) सक्तीचा होतोय. आपल्याकडे 2022 चे बॅटरी कचरा नियम आहेत, ते बॅटरी संपल्यानंतरचे. वापरात असतानाचं काय? आरसी दुसऱ्याच्या नावावर करताना क्षमतेचा दाखला सक्तीचा करा.

वऱ्हाडचं ऊन

दाखला देणार कोण? कंपनीच देणार असेल, तर वॉरंटीचा खर्च वाचवायचा असलेल्याच्याच हातात मोजमाप जाईल. एजंटमार्फत मिळणार असेल, तर गाडी न तपासता निघणाऱ्या पीयूसीची गत होईल. त्यापेक्षा आकडा सरळ डॅशबोर्डवर दाखवायची सक्ती करा, किलोमीटर दिसतात तसा.

टूरिस्ट परमिट

मीटर मागे फिरवलेल्या गाड्या विकल्या जातात, तिथे हा आकडाही फिरवतील. बाहेरच्या यंत्राने मोजता आलं पाहिजे आणि ते यंत्र गावातल्या गॅरेजवाल्याकडे असलं पाहिजे.