लोच असलेल्या टाकीत गोड्या पाण्यातील शिंपले टिकतात का?

प्रश्न: कोथरूडकर

नमस्कार. माझ्याकडे तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे साधारण १६० लिटरची टाकी आहे. तिच्यात लोच या तळाशी राहणाऱ्या मिशाळ माशांपैकी कुली लोचांचा एक गट व दोन योयो लोच, आणि रासबोरा या लहान माशांचा थवा आहे. तळाला बारीक वाळू असून मागच्या काचेवर टांगलेला फिल्टर चोवीस तास चालतो. पाणी महापालिकेच्या नळाचे आहे आणि ते अँटी-क्लोरीन घालूनच वापरते. मागच्या महिन्यात मासे घ्यायला गेले असता दुकानदाराने ‘हे पाणी स्वच्छ ठेवतात, यांना वेगळे काही खायला घालावे लागत नाही’ असे सांगून पिवळसर कवचाचे, जेमतेम इंचभर असे तीन शिंपले दिले.

सुरुवातीला ते अर्धे वाळूत रुतून बसत. रात्रीतून जागा बदलत आणि सकाळी त्यांच्या मागे वाळूत बोट ओढल्यासारखी चर दिसे. कवचाच्या फटीतून दोन लहान नळ्यांची तोंडे बाहेर आलेली स्पष्ट दिसत. अलीकडे मात्र योयो तेथे जाऊन मिशा लावतो, नळीला तोंड घालतो आणि शिंपला तत्काळ मिटतो. आता दोन शिंपले जवळजवळ दिवसभर बंदच असतात, आणि तिसरा वाळूत पूर्ण गेला असावा, कारण तो बरेच दिवस दृष्टीस पडलेला नाही.

योयो शिंपले खाऊन टाकील का? शिंपल्यांना खरोखरच काही खायला घालावे लागत नाही का? न दिसणारा शिंपला जिवंत आहे की नाही, हे कसे ओळखावे? याखेरीज, एका योयोच्या परांवर कालपासून मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले आहेत. दुकानातून औषध आणून ठेवले आहे, पण अजून घातलेले नाही.

उत्तर: पंचगंगाकाठ

ताई, बाकीचे सगळे नंतर. आधी औषधाच्या बाटलीवरील घटक वाचावेत आणि तिसरा शिंपला सापडेपर्यंत ती उघडू नये. पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांत मोरचूद, म्हणजे तांब्याचे क्षार असतात, आणि माशाला सोसेल एवढे तांबेही शिंपले, गोगलगायी व कोळंबी यांना मारून टाकते. मॅलाकाइट ग्रीन हे हिरवे रंगद्रव्य असल्यास लोचांच्या बाबतीतही जपावे लागते. त्यांचे खवले अतिशय बारीक असल्यामुळे अशी औषधे त्यांना इतर माशांहून अधिक बाधतात, म्हणून अनेक अनुभवी लोक अर्ध्या मात्रेपासून सुरुवात करतात.

वाळू हलक्या हाताने चाळून तिन्ही शिंपले बाहेर काढावेत आणि क्लोरीन काढलेल्या पाण्याच्या वेगळ्या टबात, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवावेत. त्या टबात एकही मासा नसावा. ठिपक्यांच्या परजीवीचे कोष कवचावर चिकटून येऊ शकतात. त्यांतून बाहेर पडणाऱ्या पोहत्या अवस्थेला दोन-तीन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरते. दोन आठवडे माशांविना ठेवल्यावर हा धोका उरत नाही. मुख्य टाकीत मात्र तांब्याचे औषध घालायचे ठरवलेच, तर ते वाळूत व सजावटीच्या दगडांत मुरून राहते हे ध्यानात ठेवावे. तसे झाल्यास शिंपले त्या वाळूत परत न सोडणेच बरे.

आता योयोविषयी. योयो हा बोटिया गटातील मासा असून गोगलगायी कवचातून ओढून खाणे हा त्या गटाचा स्वभावच आहे. पूर्ण वाढलेल्या शिंपल्याचे कवच त्याला उघडता येत नाही, आणि म्हणून दुकानदार निर्धास्तपणे ‘चालेल’ म्हणतात. खरी अडचण चाव्याची नाही, मिटण्याची आहे. शिंपल्याचे श्वास घेणे आणि खाणे एकाच पाण्याच्या प्रवाहावर चालते. एका नळीने पाणी आत येते, कल्ल्यांवरून जाते आणि दुसऱ्या नळीने बाहेर पडते. दर थोड्या वेळाने कोणी येऊन नळीला तोंड लावू लागला की शिंपला मिटून बसतो, आणि मिटलेल्या शिंपल्याला अन्नही मिळत नाही व पुरेसा प्राणवायूही. आपण वर्णन केलेली दिवसभर बंद राहण्याची सवय मला याच कारणाची वाटते.

कुलींचे तसे नाही. त्यांचे तोंड अगदी लहान असते. वाळूतले किडे, खाद्याचे कण यांवर त्यांचा निर्वाह होतो आणि शिंपल्याला ते खेटून बसले तरी त्याला त्रास देत नाहीत. योयो दोनच ठेवणे हेही, स्पष्टच सांगतो, योग्य नाही. तो गटाने राहणारा मासा आहे. पाच-सहांचा गट असला की त्यांची बरीचशी खोडी आपापसात जिरते, पण प्रत्येक योयो पुढे चार-पाच इंचांपर्यंत वाढू शकतो हे गृहीत धरूनच तो विचार करावा. ते कुठे हलवायचे झाल्यास जाळीने पकडू नयेत. डोळ्याखाली एक दुभंगलेला काटा असतो, घाबरल्यावर तो उभा राहतो आणि जाळीत अडकतो. सोडवताना माशाला इजा होते. प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा पाण्यातच धरून त्यात हाकलणे उत्तम.

उत्तर: मृदुकाय

वरील उत्तराशी मी सहमत आहे. खाण्याचा मुद्दा मात्र सविस्तर मांडतो, कारण टाकीतले बहुतेक शिंपले त्यापायीच मरतात, आणि तेही इतक्या सावकाश की कारण लक्षात येत नाही.

आपल्या वर्णनावरून हे कॉर्बिक्युला वंशाचे शिंपले असावेत. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल, जिवाणू आणि कुजलेल्या पदार्थांचे कण हे त्यांचे अन्न. नदीत किंवा तलावात पाणी सतत हे कण घेऊन येत असते. घरच्या टाकीत आपण फिल्टर लावतो तो नेमके तेच कण काढून टाकण्यासाठी. काचेसारखे नितळ पाणी म्हणजे शिंपल्यासमोर ठेवलेले रिकामे ताट. ‘पाणी स्वच्छ ठेवतात’ हे दुकानदाराचे म्हणणे शरीरशास्त्राच्या दृष्टीने खोटे नाही, परंतु त्यातून ‘खायला घालावे लागत नाही’ हा निष्कर्ष निघत नाही, उलटच निघतो. शिंपला साठवलेल्या शक्तीवर आठवडेच्या आठवडे तग धरतो आणि अंगाने आटत जातो, तरी बाहेरून कवच तेवढेच दिसते. म्हणून महिनाभर जगला याचा अर्थ त्याला मानवले असा घेऊ नये.

कॉर्बिक्युलाची एक जमेची बाजू आहे. तो आपल्या मांसल पायाच्या साहाय्याने वाळूतले सेंद्रिय कणही गोळा करून खातो, त्यामुळे जुन्या, मुरलेल्या वाळूत त्याची थोडीफार सोय होते. तेवढ्यावर मात्र भागत नाही. सर्वांत चांगले खाद्य म्हणजे हिरवे पाणी. टाकीतून काढलेले जुने पाणी पारदर्शक बरणीत भरून गॅलरीत उजेडात ठेवावे, त्यात झाडांच्या द्रवखताचे दोन-चार थेंब घालावेत. हवामानानुसार आठवड्या-दोन आठवड्यांत ते हिरवे होते. बरणीच्या तोंडाला मच्छरदाणीचे कापड घट्ट बांधावे, नाहीतर शैवालाआधी डासांच्या अळ्याच तयार होतील. (लोचांना त्या फार आवडतात, पण महापालिकेच्या पथकाला ही सबब चालणार नाही.) हिरवे पाणी जमत नसेल तर स्पिरुलिना या वाळवलेल्या शैवालाची चिमूटभर पूड पाण्यात चांगली घोटून, गुठळी न ठेवता वापरता येते. फिल्टर अर्धा तास बंद करून हे पाणी ड्रॉपरने शिंपल्याच्या वरच्या बाजूला, नळीपासून थोडे अंतर ठेवून हळूच सोडावे. शिंपला मिटला तर थांबावे. तो पुन्हा उघडल्यावर उरलेले द्यावे. आठवड्यातून तीन-चार वेळा थोडे थोडे देणे हे एकदाच भरपूर ओतण्यापेक्षा कितीतरी चांगले, कारण न खाल्लेली पूड वाळूत जाऊन कुजते.

दुसरी बाब कवचाची. सह्याद्रीतल्या पावसाने भरणाऱ्या धरणांचे पाणी साधारणपणे मृदू असते, म्हणजे त्यात कॅल्शियम कमी. त्यातच सामू (पीएच) ७च्या खाली गेला तर कवच विरघळू लागते. बिजागरीजवळच्या फुगवट्यावर वरचा पिवळसर थर जाऊन खडूसारखा पांढरा भाग दिसतो, तो आधी तपासावा. पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस (कॅल्शियमयुक्त पांढरा तुकडा) फिल्टरमध्ये ठेवला तरी पाण्याला आधार मिळतो. बोअरचे जड पाणी असणाऱ्यांना हा प्रश्न सहसा येत नाही.

जिवंत आहे की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. उचलल्यावर किंवा हलकेच टिचकी मारल्यावर जिवंत शिंपला कवच घट्ट मिटतो. कवच फाकलेले असून मिटत नसेल तर तो मेला असे समजावे. दुर्गंधी आली तर शंकेला जागाच नाही. वाळूखाली मेलेला शिंपला कुजून अमोनिया सोडतो, आणि सामू व तापमान जितके जास्त तितका तो अमोनिया माशांना अधिक विषारी ठरतो. तिसरा शिंपला आजच शोधावा असे मी म्हणेन. तो मेलेला निघाल्यास अमोनियाची चाचणी करून पाणी बदलावे.

उत्तर: जुनीटाकी

मला वरील मत थोडे टोकाचे वाटते. माझ्याकडे दाट वनस्पती असलेली, अनेक वर्षे न विस्कटलेली टाकी आहे. तिच्यात फक्त स्पंज फिल्टर आहे आणि पाणी कधीच पूर्ण नितळ नसते. अशा टाकीत कॉर्बिक्युला वेगळे खाद्य न घालता वर्षाहून अधिक काळ व्यवस्थित राहिले आहेत आणि त्यांच्या कवचाच्या कडेला नव्या वाढीची फिकट रेषाही दिसते. तेव्हा प्रश्न टाकीच्या वयाचा आणि फिल्टरच्या प्रकाराचाही आहे. वाळू मात्र पूल फिल्टरची सिलिका किंवा तशीच गोलसर कणांची घ्यावी. बांधकामावर मिळणारी क्रश सँड धारदार असते, तिने लोचांच्या मिशा झिजतात.

उत्तर: मृदुकाय

आपल्या टाकीपुरते ते मान्य आहे, आणि कडेची नवी वाढ हाच खरा पुरावा आहे. केवळ जिवंत असण्यापेक्षा मी तोच मानतो. परंतु टांगत्या फिल्टरच्या नितळ टाकीला तो नियम लावता येणार नाही.

उत्तर: पंचगंगाकाठ

विषय निघालाच आहे तर एक जोडतो. ‘मग नदीतलेच शिंपले आणि लोच आणू का’ असा प्रश्न पुढे हमखास येतो. आपल्या नद्यांतले मोठे शिंपले, ज्यांच्यात गोड्या पाण्यातले मोती पिकवतात ते लॅमेलिडेन्स, टाकीसाठी आणू नयेत. त्यांना कॉर्बिक्युलाहून कितीतरी अधिक अन्न लागते आणि त्यांच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना व परांना चिकटून वाढतात. लोचांच्या बाबतीत तर कारण आणखी गंभीर आहे. पश्चिम घाटातला पट्टेदार झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायाटा, अन्यत्र कोठेही आढळत नाही आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. मत्स्यालयांसाठी होणारी पकड हे त्याचे एक कारण. आंबोलीच्या मंदिराजवळच्या झऱ्यातून शिस्तुरा हिरण्यकेशी ही लोचांची जात २०२० मध्ये शास्त्राला नव्याने कळली आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. एवढ्याशा ठिकाणी राहणाऱ्या माशांवर जाळी टाकणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

उलट दिशेनेही तेच. नको झालेले शिंपले मुठा नदीत किंवा तलावात सोडू नयेत. कॉर्बिक्युला फ्लुमिनिया हा आशियाई शिंपला उभयलिंगी असून एकटाही प्रजा वाढवू शकतो. अमेरिकेत १९३८ मध्ये कोलंबिया नदीत तो जिवंत सापडला आणि पुढे देशभर पसरून त्याने वीजकेंद्रांच्या पाण्याच्या नळ्याही तुंबवल्या. मत्स्यालयातून सुटलेल्या सकर माशाने उजनीच्या जलाशयात मच्छीमारांना किती त्रास दिला आहे, ते आपल्याकडचे उदाहरण समोर आहेच.

प्रतिसाद: कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. तिसरा शिंपला फिल्टरखालच्या कोपऱ्यात सापडला; उचलताच घट्ट मिटला. औषधात तांबे आहे, त्यामुळे ती बाटली परत करणार आहे. तिन्ही शिंपले टबात हलवले असून बरणी गॅलरीत ठेवली आहे. बहिणीकडे चार फुटी टाकीत योयोंचा गट आहे. ठिपके पूर्ण गेल्यावर माझे दोन्ही योयो ती घेणार आहे. शेवटची एक शंका: ठिपक्यांसाठी औषधाऐवजी पाणी ३० अंशांपर्यंत तापवावे असे एकाने सुचवले आहे, ते लोचांना चालेल का? आणि पुढे कुलींबरोबर शिंपले परत ठेवताना ते पुन्हा असे हरवू नयेत म्हणून काय करता येईल?

उत्तर: मृदुकाय

लोचांना काही दिवस ३० अंश चालतात. तापमान एकदम न चढवता दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवावे, आणि एअर पंप जोरात ठेवावा, कारण २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो तो ३० अंशांना साडेसातपर्यंत उतरतो. शिंपल्यांचा टब मात्र तापवू नये. घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावा. परत ठेवताना सपाट बुडाच्या काचेच्या भांड्यात दोन-अडीच इंच वाळू भरावी, ते भांडे टाकीच्या तळावर पुढच्या काचेजवळ ठेवावे आणि शिंपले त्यातच सोडावेत. कडा वाळूच्या वर बोटभर असली की ते सहसा बाहेर पडत नाहीत, हिरवे पाणी नेमके तेथेच सोडता येते, आणि कुली आत-बाहेर करत राहिले तरी काही बिघडत नाही.