मदत हवी आहे: मेश बारीक केली की कोपऱ्यातला ताण वाढतच जातो

एल आकाराच्या स्टील ब्रॅकेटचं फायनाइट एलिमेंट विश्लेषण (भाग छोट्या तुकड्यांच्या जाळीत, म्हणजे मेशमध्ये, विभागून ताण काढणं) करतोय. जाडी 10 मिमी, भुजेची रुंदी 60 मिमी. एक टोक जखडलेलं, दुसऱ्या भुजेवर आतल्या कोपऱ्यापासून 150 मिमीवर 2 किलोन्यूटन स्थिर भार. स्थितिस्थापकता गुणांक ई 200 गिगापास्कल, लिनिअर स्टॅटिक (भार स्थिर, ताण भाराच्या प्रमाणात).

हाताने काढलेला वाकण्याचा ताण 50 मेगापास्कल येतो आणि कोपऱ्यापासून दूर सॉफ्टवेअरही जवळपास तेवढाच दाखवतं. विस्थापनही स्थिरावलंय. अडचण फक्त आतल्या काटकोनात आहे: मेश 5 मिमी असताना 96, 2.5 ला 131, 1.25 ला 180 मेगापास्कल.

रिअ‍ॅक्शनची (आधारावरच्या प्रतिक्रिया बलांची) बेरीज भाराइतकी येते, एलिमेंट (मेशचे तुकडे) दुसऱ्या ऑर्डरचे, म्हणजे कडांच्या मध्यावरही बिंदू असलेले आहेत. तीक्ष्ण कोपऱ्यात सैद्धांतिक ताण अनंत असतो (सिंग्युलॅरिटी), एवढं वाचलंय. 3 मिमीचा फिलेट (कोपऱ्याला गोलाई) देऊन पाहिला तर आकडा स्थिरावतो, पण ड्रॉइंगमध्ये फिलेटची त्रिज्याच दिलेली नाही, आणि मनाने त्रिज्या ठरवून आलेला ताण अहवालात लिहिणं मला पटत नाही.

विद्यार्थी आवृत्तीत नोड्सवर (मेशच्या बिंदूंच्या संख्येवर) मर्यादा आहे, त्यामुळे सगळीकडे बारीक मेश शक्य नाही. भार बदलता नसल्याने फटीगचा (वारंवार बदलणाऱ्या भाराने धातू थकण्याचा) प्रश्न नाही.

अशा वेळी सुरक्षा गुणांक (सहन होणारा ताण भागिले प्रत्यक्ष ताण) कोणत्या ताणावर काढायचा? कोपऱ्यापासून ठरावीक अंतरावरचा घ्यायचा असेल, तर ते अंतर कशावरून ठरवता?