दुहिता, दुभतं आणि पान्हा

पांथस्थ
काल चहा पिताना लेकीनं विचारलं, "गाईचं दूध आपण प्यावं हे आधी कुणाला सुचलं?" उत्तर येईना, म्हणून मुलगी या अर्थाचा 'दुहिता' शब्द पुढे केला. दुहिता म्हणजे घरची धार काढणारी, असं शाळेत बाईंनी सांगितलं होतं. ही व्युत्पत्ती खरी का? आणि दूध, दोहन, दुभतं हे एकाच घरातले का?

बोरूबहाद्दर
शेवटचं आधी. हो, मूळ धातू दुह्. दुग्ध, प्राकृतात दुद्ध, आपलं दूध. कर्मणी दुह्यते, प्राकृतात दुब्भइ, तिथून दुभणे, दुभती, दुभतं. म्हणजे 'दूध' हे मुळात पेयाचं नावच नव्हे. 'पिळून काढलेलं', एवढाच अर्थ!
दुहितेबद्दल यास्क हा प्राचीन पंडित निरुक्त या आपल्या शब्दव्युत्पत्तीच्या ग्रंथात म्हणतो : दुर्हिता (जिचं हित साधणं कठीण), दूरे हिता (दूर असलेली बरी), दोग्धेर्वा (किंवा दुह् धातूवरून). म्हणजे धार काढणारी हा त्याचा शेवटचा पर्याय, तोही 'वा' लावून. फारसी दुख्तर आणि इंग्रजी डॉटर या तिच्या सख्ख्या बहिणी, तेव्हा शब्द फार जुना आहे. पण दुह् धातूशी तिचं नातं आजचे अभ्यासक सिद्ध मानत नाहीत. बाईंचं चित्र मात्र गोड आहे.

गोठेवाला
राव, तुम्ही दुधावर अडलात, खरा शब्द पान्हा. गाय पान्हावल्याशिवाय कास नुसती ओढून काय मिळणार? आधी वासरू सोडायचं, त्यानं दोनचार ढुशा दिल्या की ओढून तिच्या तोंडाशी बांधायचं. ती चाटत राहते, आपण धार काढायची. तरी एखादी पान्हा चोरतेच. रेडकू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवतात. ज्यानं पहिल्यांदा धार काढली त्याला आधी ही युक्ती सुचली असणार.

बोरूबहाद्दर
वा! इराकमधल्या तेल अल्-उबैदच्या देवळावर सुमारे ४५०० वर्षांपूर्वीची एक शिल्पपट्टी होती. तीत वासरं गाईंच्या तोंडाशी आहेत आणि माणसं मागे बसून धार काढताहेत. तुमचाच गोठा. (पान्हा हा संस्कृत प्रस्नवाचा.)

खरवसप्रेमी
माझी हरकत 'प्यावं' या शब्दाला. वायव्य तुर्कस्तानात, मार्मारा समुद्राच्या आसपास, इसवी सनापूर्वीच्या सातव्या सहस्रकातल्या मडक्यांच्या खापरांत दुधाची चरबी मुरलेली सापडली. पण त्या काळच्या बहुतेक मोठ्या माणसांना दूध नीट पचत नसणार. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज लहानपणानंतर बहुतेकांचं ओसरतं. ते मोठेपणी टिकवणारा जनुकातला बदल युरोपात सर्रास दिसू लागतो तो हजारो वर्षांनी. दही-चीजमध्ये ही साखर कमी उरते. पोलंडमध्ये सात हजार वर्षांपूर्वीची भोकाभोकांची मातीची भांडी मिळाली, त्यांतही दुधाची चरबी. चीज गाळायच्या चाळण्याच त्या. कच्छमधल्या कोटडा भादलीच्या हडप्पाकालीन खापरांतही दुग्धपदार्थांचे अंश आहेत.
दूध, दही, ताक, लोणी, तूप, सगळं एका शब्दात सांगणारं आपलं 'दुभतं' इथे चपखल बसतं. लेकीला सांगा, माणूस बहुधा आधी दही-चीजसारखं दुभतं खायला लागला, पेलाभर दूध प्यायला नंतर.

पांथस्थ
वाचून दाखवलं. आता विचारतेय, मग पहिलं विरजण कुणाच्या घरून आणलं?

गोठेवाला
निरसं दूध उन्हाळ्यात मडक्यात ठेवून बघा म्हणावं. आपोआप लागतं. तेच मडकं न घासता परत वापरलं तर दुसऱ्या दिवशी आणखी लवकर.