मदत हवी आहे: वूकॉमर्सच्या ऑर्डरी पोस्टमनमधून काढताना काही ऑर्डरी यादीत येतच नाहीत

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आमचा घरगुती व्यवसाय आहे. आमसुलं, कोकम आगळ, फणसपोळी, कुळथाचं पीठ असं विकतो, आणि विक्री आमच्या स्वतःच्या साइटवरून होते. साइट वर्डप्रेसवर आहे, दुकान वूकॉमर्सचं. रोज सकाळी त्या दिवशी भरायच्या पार्सलांची यादी मी काढते, वाडीतल्या बायका त्याप्रमाणे खोकी भरतात आणि दुपारी कुरिअरवाला येऊन घेऊन जातो.

यादी मी पोस्टमनमधून (एपीआयला रिक्वेस्ट पाठवायचा प्रोग्राम) काढते. वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्डखाली रेस्ट एपीआयची (दुकानातली माहिती बाहेरच्या प्रोग्रामला मागता येते ती सोय) की बनवली आहे, बेसिक ऑथ लावलं आहे आणि 'ऑर्डर्स' या पत्त्यावर गेट रिक्वेस्ट पाठवते. (पॅरामीटरची नावं इथे देवनागरीत लिहिते आहे, रिक्वेस्टमध्ये ती अर्थातच इंग्रजीत आहेत.)

स्टेटस = प्रोसेसिंग
आफ्टर = काल ००:००, म्हणजे काल सुरू झाला ती वेळ
बिफोर = आज ००:००, म्हणजे काल संपला ती वेळ

उत्तर २०० (म्हणजे रिक्वेस्ट यशस्वी) येतं, एरर काहीच नाही. पण अधूनमधून एखादी ऑर्डर यादीत येतच नाही. कालच फोंड्याहून एका बाईंचा फोन आला, पैसे भरून झाले तरी पार्सल निघालं नाही म्हणून. वूकॉमर्सच्या पडद्यावर ती ऑर्डर व्यवस्थित दिसते, प्रोसेसिंगमध्येच आहे, मग एपीआयच्या यादीत का नाही? त्यांच्याकडे डोहाळजेवण होतं, त्यासाठी मागवलं होतं सगळं. असं परत कुणाच्या बाबतीत होऊ नये, म्हणून मुळापासून समजून घ्यायचं आहे.

अजून एक. आगळाच्या बाटल्या गळतात, म्हणून त्या आम्ही वेगळ्या बांधतो. ज्यांत आगळ आहे त्या ऑर्डरी आणि फक्त कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी अशा दोन याद्या वेगळ्या काढता येतील का?

प्रतिसाद १

पर_पेज दिलंय का? काही दिलं नाही तर वूकॉमर्स एका वेळी १० च ऑर्डरी देतं. जास्तीत जास्त १०० मागता येतात, पुढच्या हव्या असतील तर पेज = २, ३ असं जावं लागतं. बहुतेक वेळा घोळ इथेच असतो.

धागाकर्ती

हो, पर_पेज = १०० आहे. आमच्याकडे एका दिवशी एवढ्या ऑर्डरी येतही नाहीत, त्यामुळे पानांचा प्रश्न नसावा.

प्रतिसाद २

मग अंदाज बांधण्यात अर्थ नाही. जी ऑर्डर सुटली तिचा क्रमांक पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन लावा, म्हणजे ती एकटीच उघडेल. त्यातले चार रकाने इथे द्या: डेट_क्रिएटेड, डेट_क्रिएटेड_जीएमटी, डेट_पेड आणि पेमेंट_मेथड. ग्राहकाचं नाव, फोन, पत्ता मात्र इथे टाकू नका.

धागाकर्ती

डेट_क्रिएटेड: १४ तारीख, २३:५२
डेट_क्रिएटेड_जीएमटी: १४ तारीख, १८:२२
डेट_पेड: १६ तारीख, ०९:४०
पेमेंट_मेथड: बीएसीएस

प्रतिसाद २

सापडलं. आधी टाइमझोनचं कारण बाद करू. पहिल्या दोन वेळांत बरोबर साडेपाच तासांचा फरक आहे, म्हणजे साइट भारतीय वेळेवर आहे. त्या दोन्ही सारख्या असत्या तर साइट यूटीसीवर (म्हणजे जीएमटीच्याच वेळेवर) राहिली असं समजायचं. नवीन वर्डप्रेस बऱ्याचदा तसंच राहतं, आणि मग तुमचा 'दिवस' पहाटे साडेपाचला सुरू होतो. तुमचं ते ठीक आहे.

खरं कारण डेट_पेडमध्ये आहे. बीएसीएस म्हणजे थेट बँकेत पैसे भरणं. अशी ऑर्डर आली की वूकॉमर्स तिला ऑन-होल्डला (पैशांची वाट बघत) ठेवतं. पैसे जमा झाल्याचं बघून तुम्ही ती हाताने प्रोसेसिंगला नेता, तेव्हा डेट_पेड भरलं जातं. आता तारखा लावून बघा. १५ च्या सकाळी तुम्ही १४ तारखेच्या ऑर्डरी मागितल्या. ही १४ चीच होती, पण ऑन-होल्डला होती, म्हणून आली नाही. १६ ला ती प्रोसेसिंग झाली. १७ च्या सकाळी तुम्ही १६ च्या ऑर्डरी मागितल्या. आता स्टेटस जुळतं, पण तयार झाली १४ ला, म्हणून परत आली नाही. दोन्ही दिवशी दोन वेगळ्या कारणांनी ती चाळणीतून खाली गेली आणि पुढे कुठल्याच दिवशी येणार नव्हती.

आफ्टर आणि बिफोर ऑर्डर तयार झाल्याची वेळ बघतात. पैसे कधी आले, स्टेटस कधी बदललं, याच्याशी त्यांचा संबंध नाही. पार्सल भरायचं ठरतं ते ऑर्डर प्रोसेसिंगला आली की नाही यावर, ती कधी नोंदवली यावर नाही. म्हणून पाठवणीच्या यादीत तारीख घालूच नका. स्टेटस = प्रोसेसिंग, पर_पेज = १००, ऑर्डर = एएससी, एवढंच ठेवा. एएससीमुळे सगळ्यात जुनी ऑर्डर वर येते, म्हणजे कुणी रखडलं असेल तर पहिल्या ओळीतच दिसतं.

एकच अट: पार्सल कुरिअरच्या हातात गेलं की त्याच दिवशी ऑर्डर कम्प्लीटेड करा. नाहीतर दुसऱ्या दिवशी तीच परत यादीत येईल आणि कुणीतरी दुसऱ्यांदा भरेल.

प्रतिसाद ३

वर सांगितलेलं अगदी योग्य. मॉडिफाइड_आफ्टर नावाचा पॅरामीटरही आहे (वूकॉमर्स ५.८ पासून), तो शेवटचा बदल कधी झाला ते बघतो. पण तुमच्या कामाला मी तो सुचवणार नाही. पत्ता दुरुस्त केला तरी ऑर्डर 'बदललेली' धरली जाते, मग नको त्याही येतात.

तुमचा दुसरा प्रश्न. आगळासाठी प्रॉडक्ट नावाचा पॅरामीटर आहे, त्यात उत्पादनाचा क्रमांक द्यायचा. अर्धा लिटर, एक लिटर असे प्रकार केले असतील तर प्रकाराचा क्रमांक न देता मूळ उत्पादनाचा द्या, म्हणजे सगळ्या मापांच्या ऑर्डरी येतात.

कॅश ऑन डिलिव्हरीसाठी मात्र असा पॅरामीटर नाही. सगळी यादी आणायची आणि पेमेंट_मेथडमध्ये 'सीओडी' असलेल्या आपण वेगळ्या काढायच्या. पोस्टमनमध्ये रिक्वेस्टच्या स्क्रिप्ट्समध्ये पोस्ट-रिस्पॉन्सला चार ओळी लिहून हे होतं, आणि व्हिज्युअलायझर वापरला तर थेट तक्ता दिसतो, तोच छापायला देता येतो.

शिवाय _फील्ड्स = आयडी, शिपिंग, लाइन_आयटम्स, पेमेंट_मेथड असं द्या. म्हणजे तेवढेच रकाने येतात आणि उत्तर आटोपशीर होतं. बिलिंग मागितलं नाही की ग्राहकाचा ईमेल त्या कागदावर येतच नाही, आणि छापलेला कागद कुठेही पडू शकतो. की सुद्धा फक्त 'रीड' परवानगीची ठेवा. यादी काढायला लिहिण्याची परवानगी लागत नाही.

प्रतिसाद १

दिवाळीत शंभराच्या वर गेलात तर एक जपा. पहिलं पान आणलं आणि दुसरं आणायच्या आत कुणी ऑर्डरी कम्प्लीटेड करत बसलं, तर मागच्या ऑर्डरी पुढे सरकतात आणि दोन पानांच्या मधल्या काही सुटतात. आधी सगळी पानं आणायची, मग स्टेटस बदलायचं. उत्तराच्या हेडर्समध्ये एक्स-डब्ल्यूपी-टोटल असतं, त्यात एकूण किती ऑर्डरी जुळल्या तो आकडा येतो. हातातल्या यादीशी तो रोज ताडून बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तारखा काढून टाकल्या आणि यादीच्या वरच्या बाजूला बँक ट्रान्सफरच्या जुन्या ऑर्डरी लगेच दिसल्या. त्या आजच्या आज भरायला घेतल्या, आणि त्या ग्राहकांना फोनही केले. हेडरमधला आकडा वूकॉमर्सच्या प्रोसेसिंग टॅबशी जुळतो आहे. फोंड्याच्या बाईंना आगळाची बाटली आमच्याकडून पाठवली.

आता एकच विचारते. महिन्याचा हिशेब सीएंना देताना तरी तारखा लावायच्या ना?

प्रतिसाद २

हो, तिथे आफ्टर आणि बिफोर लावा, स्टेटस = कम्प्लीटेड, रिफंडेड असं स्वल्पविराम देऊन दोन्ही मागवा. महिना ऑर्डरच्या तारखेवर धरायचा की पैसे आल्याच्या, हे सीएंनाच विचारा. दुसरं हवं असेल तर दोन्ही टोकांना थोड्या जास्त तारखा घेऊन नंतर डेट_पेडवर गाळा. आणि थोडे पैसे परत केले असतील त्या ऑर्डरीत 'टोटल' मूळचीच राहते. परत केलेली रक्कम 'रिफंड्स' या रकान्यात वजा चिन्हाने वेगळी येते, ती बेरजेत धरायला हवी. म्हणजे महिन्याच्या यादीत _फील्ड्समध्ये टोटल, रिफंड्स आणि डेट_पेड ही तीन नावंही घाला.