मदत हवी आहे : अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने हळदीच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या वडिलांचा आहे. आप्पा ७१ वर्षांचे, सांगलीला असतात. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन रोज चालू. हृदयाचं आता ठीक आहे, पण गुडघ्यांनी जेरीस आणलंय. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्यांना हात लावायचा नाही असं हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून अमेरिकेतल्या माझ्या भावाने हळदीच्या कॅप्सूलची मोठी बाटली पाठवली आणि आप्पांनी ती सुरू केली.

लेबलवर असं आहे : एका कॅप्सूलमध्ये हळदीचा अर्क ५०० मिग्रॅ, त्यात करक्युमिनॉइड (हळदीतले पिवळे घटक, त्यात मुख्य करक्युमिन) ९५ टक्के, शिवाय काळ्या मिरीचा अर्क ५ मिग्रॅ. दिवसाला दोन कॅप्सूल.

गुडघ्यांना आराम आहे असं ते स्वतः सांगतात, आणि मला ते खोटं वाटत नाही. पण दिवाळीला गेले तेव्हा त्यांच्या दंडावर आणि मनगटाजवळ निळे-जांभळे डाग दिसले. कुठे आपटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. सकाळी दात घासल्यावर बेसिनमध्ये रक्त दिसतं ते वेगळंच. त्यांचं म्हणणं, रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांनी असं थोडंफार होतंच. आणि हळदीने आजवर कुणाचं वाईट झालंय? सांगलीत जन्म गेलेल्या माणसाला याचं उत्तर काय द्यायचं ते मला सुचत नाही.

मी वाचायला बसले तर अजून गोंधळले. थायलंडमध्ये २०१४ साली गुडघ्यांच्या संधिवाताच्या ३६७ रुग्णांवर चाचणी झाली होती. निम्म्यांना हळदीचा अर्क रोज १५०० मिग्रॅ, निम्म्यांना आयबुप्रोफेन १२०० मिग्रॅ, चार आठवडे. हळदीचा गट मागे पडला नाही आणि पोटदुखीचा त्रासही त्या गटात कमी होता. म्हणजे आप्पांना वाटणारा फरक मनाचा खेळ नसावा. दुसरीकडे २०१७ मध्ये काही औषधी रसायनतज्ज्ञांनी करक्युमिनवरचं सगळं संशोधन तपासून लिहिलं की हा पदार्थ शरीरात टिकत नाही, नीट शोषला जात नाही, आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना फसवतो, म्हणजे नसलेला परिणाम दाखवतो. मग कुणाचं धरायचं?

मला खरी भीती त्या मिरीची वाटते. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं की २ ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मिग्रॅ पायपरिन (काळ्या मिरीतला तिखट घटक) दिलं तर रक्तात पोचणारं करक्युमिन २००० टक्क्यांनी वाढतं. कॅप्सूलमध्ये मिरी घालतात ती याच कारणाने. मग तीच मिरी आप्पांच्या बाकीच्या गोळ्यांचं काय करत असेल?

डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यातली आहे. तोवर कॅप्सूल चालू ठेवू द्यायच्या का? यकृताची तपासणी करून घ्यावी का? आणि बंद करायच्या म्हटलं तर गुडघ्यांसाठी दुसरं काय? अनुभव असलेल्यांनी, विशेषतः वैद्यकीय क्षेत्रातल्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद : औषधवाला

ताई, मी रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. एक औषध दुसऱ्याच्या वाटेत येतं का हे बघणं माझं रोजचं काम.

पहिली गोष्ट, डाग दिसतात म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आप्पांना मनाने बंद करू देऊ नका. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका त्या डागांपेक्षा कितीतरी मोठा. थांबवायचीच तर कॅप्सूल थांबवा, आणि पुढच्या महिन्याची वाट न बघता डॉक्टरांना आजच फोन करा.

आता हिशोब बघा. स्वयंपाकाच्या हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के. चहाचा एक चमचा म्हणजे ३ ग्रॅम धरली तर ९० मिग्रॅ. आप्पांच्या दोन कॅप्सूलमध्ये ९५० मिग्रॅ. म्हणजे रोज दहा चमचे हळद, वर ती जास्त शोषली जावी म्हणून मिरीचा अर्क. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोला ३ मिग्रॅ ठरवली आहे. साठ किलोच्या माणसाला १८० मिग्रॅ. त्यामुळे ‘आम्ही जन्मभर हळद खातोय’ हे भाजी-आमटीच्या हळदीबद्दल शंभर टक्के खरं, पण या कॅप्सूलला ते लागू होत नाही.

करक्युमिनमुळे रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटण्याचं प्रमाण कमी होतं असं प्रयोगशाळेत दिसलंय. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल तेच काम करतात. आप्पांचे डाग कॅप्सूलमुळेच आहेत असं इथे बसून कुणी सांगू शकणार नाही, नुसत्या दोन गोळ्यांनीही तसे डाग येतात. पण त्यात तिसऱ्याची भर कशाला? वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं वेगळं औषध, तरी उदाहरण म्हणून सांगतो. न्यूझीलंडच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये एक घटना कळवली होती. वॉरफरिनवर स्थिर असलेल्या रुग्णाने हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) १० च्या वर गेला. बहुतेक रुग्णांत तो २ ते ३ ठेवायचा असतो.

मिरीबद्दलची तुमची शंका रास्त आहे. औषधं मोडणारी आतड्यातली आणि यकृतातली विकरं (एन्झाइम) पायपरिनमुळे मंदावतात. फेनिटॉइन (फिट्सवरचं), प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाबावरचं), थिओफिलिन (दम्यावरचं) या औषधांचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढल्याचं माणसांवर दिसलंय. फिट्सची गोळी घेणाऱ्या माणसाला हे फार महाग पडू शकतं.

पित्ताशयात खडे आहेत का तेही विचारा. करक्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं, खडा नळीत अडकला तर वेदना असह्य होतात. मूतखड्याचा त्रास असेल तरी सांगा, हळदीत ऑक्झलेट भरपूर असतं.

प्रतिसाद : निशिगंध

यकृताची तपासणी नक्की करून घ्या. माझ्या आईला अशाच कॅप्सूलनंतर कावीळ झाली. सुरुवातीला नुसता थकवा, मग अंगाला खाज, मग लघवी गडद चहासारखी. डोळे पिवळे झाले तेव्हा दाखल केलं. हिपॅटायटिसच्या तपासण्या कोऱ्या आल्या. डॉक्टर रोज विचारायचे, काही झाडपाल्याचं, काही आयुर्वेदिक घेतलंत का? आई रोज मनापासून ‘नाही’ म्हणायची, कारण हळद हे औषध आहे असं तिच्या डोक्यातच नव्हतं. शेवटी माझ्या मावशीने उशाशी ठेवलेली बाटली नेऊन दाखवली. कॅप्सूल बंद केल्यावर यकृताच्या तपासणीतले आकडे हळूहळू उतरले.

नंतर कळलं की आई एकटी नव्हती. इटलीत २०१९ मध्ये अशा बऱ्याच केसेस निघाल्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने २०२३ मध्ये इशारा दिला. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यातल्या सात जणांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार सापडला आणि एक रुग्ण दगावला. बहुतेक लोकांना काहीच होत नाही, हेही खरं. पण आपल्यात तो जनुक आहे की नाही हे आधी कुणाला माहीत असतं?

प्रतिसाद : हरिपूरकर

ताई, मी तुमच्याच भागातला, घरात हळदीचा व्यापार. आमच्या हरिपूरला पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात पेवांची फार हानी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आप्पांना हळद सोडायची नसणार, आणि सोडायचं कारणही नाही. फोडणीत घाला, दुधात चिमूटभर घाला. तेला-तुपात ती जास्त चांगली लागू पडते, कारण करक्युमिन पाण्यात विरघळत नाही.

फक्त सुटी, डोळ्यांत भरेल अशी जर्द पिवळी पूड घेऊ नका. रंग यावा म्हणून लेड क्रोमेट मारतात, त्यात शिसं असतं. बांगलादेशात २०१९ मध्ये हे संशोधनातून पुढे आलं, सरकारने धाडी घातल्या आणि तिथली भेसळ जवळपास थांबली. आपल्याकडेही काही ठिकाणी असे नमुने सापडलेत. हळकुंडं घ्या. मोडून बघा, आत नारिंगी असतं आणि वास लगेच येतो. वरून फारच चकचकीत पिवळी असतील तर बोटाने चोळा, रंग बोटाला लागला तर परत द्या. चांगली मिळाली की गिरणीतून दळून आणा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. औषधवाला दादा, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी कॅप्सूल आजपासून बंद, बाकी गोळ्या एकही न चुकवता चालू, आणि रक्ताची पूर्ण तपासणी व यकृताची तपासणी या आठवड्यात करायला सांगितलं. गुडघ्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम सुरू करा म्हणाले.

आप्पांना दहा चमच्यांचा हिशोब करून दाखवला. वाटीत खरोखर दहा चमचे हळद काढून समोर ठेवली. बराच वेळ बघत बसले, मग बाटली स्वतः माझ्या हातात दिली. भावालाही फोटो पाठवलाय. निशिगंध, तुमच्या आईंच्या काविळीचं मी त्यांना सगळं सांगितलं. आप्पांना खाज येते का आणि लघवीचा रंग कसा आहे, याकडे आता माझ्या आईचं लक्ष आहे.

आता एवढंच विचारायचंय : विश्रामबाग भागात घरी येऊन व्यायाम करून घेणारे चांगले फिजिओथेरपिस्ट कुणाच्या माहितीत आहेत का? आप्पांना रिक्षात चढणं-उतरणं जड जातं. कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवा.