सेनिओ नदी, १९४५ चा हवाई फोटो: बांधावरचे काळे ठिपके म्हणजे जर्मनांचे लढाऊ मोर्चेच का?

मंडळी, आमचे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर ज्या हल्ल्यात नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यात तेही होते. घरी एवढंच सांगायचे, "बांध नुसता पोखरलेला होता, उंदरांनी पोखरावा तसा."

त्याच पूरबांधाचा, हल्ल्याच्या थोडा आधीचा फोटो हाती आलाय. प्रमाण साधारण १:१०,०००, म्हणजे एक मीटर रुंदीचा चर फोटोत ०.१ मिमी, केसाएवढा. स्कॅन १२०० डीपीआयचं (इंचाला १२०० पिक्सेल) आहे, त्यामुळे एका पिक्सेलमध्ये वीसेक सेंटिमीटर येतात.

पहिले चार दिवस मी उत्तर वर ठेवून पाहत होतो आणि बांध मला ओढ्यासारखा खोल दिसत होता! सावल्या आपल्याकडे पडतील असा फोटो फिरवायचा असतो, हे उशिरा कळलं. दक्षिण वर केल्यावर बांध एकदम उठून आला.

सरळ रेघा मी सोडून दिल्या. तिथल्या लुगो गावाच्या आसपासची शेतं अजून रोमन आखणीची आहेत, सुमारे ७१० मीटरचे चौकोन. तिथले पाण्याचे चर आणि द्राक्षांच्या ओळी पट्टीने आखल्यासारख्या. बांधामागे मात्र एक रेघ करवतीच्या दात्यांसारखी मोडत जाते आणि कडेला उपसलेल्या मातीची फिकट किनार आहे. तो खंदक, याबद्दल मला शंका नाही.

अडलंय ते ठिपक्यांपाशी. पश्चिमेच्या, म्हणजे जर्मनांच्या बांधाच्या मागच्या उतारावर दर ८-१० मीटरवर एक काळा ठिपका आहे. झाड म्हणावं तर सावली नाही. बॉम्बचा खड्डा म्हणावा तर भोवती मातीचं कडं नाही. पायवाटेच्या पांढुरक्या रेघा मात्र थेट तिथवर येऊन थांबतात. जर्मनांनी बांधातून आरपार भुयारं खणली होती, त्यांचीच ही तोंडं असतील का? मग माती गेली कुठे? जाळीखाली झाकली, की नदीच्या बाजूला टाकली?

शेजारची फ्रेमही आहे, दोन्हींत साठेक टक्के भाग सामाईक. भूगर्भशास्त्रवाल्यांनी स्टिरिओस्कोप (असे दोन फोटो एकत्र पाहून उंचसखलपणा दाखवणारं उपकरण) वापरलेला असेलच. ठिपके खोलगट आहेत की उंचवटे, एवढं कोणी पाहून सांगेल का? मॉनिटरवर लाल-निळा चष्मा लावून पाहिलं, डोकं दुखण्यापलीकडे काही हाती लागलं नाही.

दोन्ही फोटो खाली देतोय. दक्षिण वर आहे, कृपया सरळ करू नका.